तिन्हीसांजेचं नळकांडं

उपग्रह सोडून रिकामी झालेली रॉकेटची नळकांडी पृथ्वीभोवती फिरत राहतात. त्यांचे फोटो काढायचा मला नाद आहे. ती दिसतात तिन्हीसांजेला. खाली अंधार पडलेला असतो आणि वर त्यांच्यावर अजून ऊन असतं. फोटोसाठी मी घरातले दिवे बंद करायचो, आणि आटपाडीच्या आमच्या घरात भांडण नेमकं यावरूनच व्हायचं.

"दिवेलागणीला घर काळोखात ठेवतोस व्हय रं?" आई म्हणायची. देवापुढचा दिवा मात्र तिनं कधी विझवू दिला नाही.

त्या संध्याकाळी पहिलारू म्हैस कळा देत होती. आई आणि बायको गोठ्यात होत्या. एक मोठं नळकांडं थेट डोक्यावरून जाणार होतं. "अजून येळ हाय तिला," असं आईच म्हणाली होती. तेवढं धरून मी मेन स्विच खाली ओढला. गोठ्यातला बल्बही त्याच लाइनवर आहे, हे मला ठाऊक होतं.

नैऋत्येला ठिपका उगवला. अंगणातल्या मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते; तिच्या फुलीवर तो धरायचा आणि मोठीची नळी हातानं ढकलत राहायची. भिंगाला बांधलेला मोबाइल व्हिडिओ घेतो. हात अडखळला की संपलं.

"आवं, लाइट लावा! एकच पाय आलाय!" बायको ओरडली.

"दोन मिनिटं!"

ठिपका वर चढत होता. "आवं!" गोठ्यात तिच्या मोबाइलचा उजेड हलला, आणि मी त्या उजेडावरच चिडलो. तिसरी हाक आईची. नुसतं माझं नाव. नळकांडं माथ्यावर आलं होतं. मी डोळा काढला नाही.

ते ईशान्येला पृथ्वीच्या सावलीत विझलं तेव्हा धावलो. बल्ब लागला. बायकोनं आत हात घालून दुसरा पाय सोडवला होता. तिचे हात कोपरापर्यंत माखले होते. रेडकू निपचित पडलं होतं. आई त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढत होती. मी नुसता उभा. मग रेडकू शिंकलं.

"गेलं का तुमचं नळकांडं?" बायकोनं वर न बघता विचारलं.

"गेलं."

"मग पाणी तापवा. हिला गूळ घालून द्यायचंय."

जेवणं झाल्यावर फोटो निवडायला व्हिडिओ लावला. काळ्या पडद्यावर आखूड पांढरी कांडी थरथरत होती, आणि व्हिडिओत मागून बायकोची हाक आली. मग माझं "दोन मिनिटं". मी घाईनं आवाज बंद करायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या," भांडी लावता लावता ती म्हणाली. "आईंचीबी हाक येऊ द्या."