मोड आले, पण मुक्ता नाही

गेल्या मंगळवारी रोह्याला ताईकडे वालांनी माझी चांगलीच जिरवली...

माझी भाची मुक्ता ऑकलंडहून यायची होती. चार वर्षांनी, तेही जेमतेम आठ दिवसांसाठी. ताईचं एकच ठरलेलं... लेक घरी आली की पहिल्या ताटात वालाचं बिरडं. घरी मोड आणून, ताजं सोललेलं.

पण भिजवलेले वाल फडक्यात बांधायचे नेमके कधी? घाई झाली तर मोड येत नाहीत, उशीर झाला तर शेपट्या फुटतात आणि चव जाते. म्हणून ताईने मला पेणला फोन केला. "विमानाला किती वेळ लागतो रे?"

मी मोबाईलवर शोधलं. ऑकलंड ते मुंबई, अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर, वेळ पंधरा-सोळा तास. ऐटीत सांगून टाकलं. मुक्ताचा 'विमानात बसले' असा मेसेज आला आणि इकडे वाल फडक्यात गेले.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने रोह्याला पोचलो. वाल अगदी हवे तसे मोडावर आले होते... आणि मुक्ता सिंगापूरच्या विमानतळावर बसून होती! पुढच्या विमानाला बराच अवकाश होता. मी सांगितलेला वेळ कुठेही न थांबता सरळ उडणाऱ्या विमानाचा. तसं विमान या मार्गावर नाहीच, हे मी वाचलंच नव्हतं.

वाल सोलायला शेजारच्या वनिताकाकू आल्या होत्या. फडकं उघडून ताईला म्हणाल्या, "गो सुमन, मोड आलं, पन पोरगी नाय आली!"

ताई हसली नाही. "पेणहून येताना एसटीचे थांबे मोजतोस ना? विमानाचे नाय मोजता आले?"

मग हळूच म्हणाली, "जाऊ दे. तिला तरी आता हे कुठं आवडत असणार... सकाळी ओट्स खाते म्हणे." तेव्हा मला कळलं, तिला कसला घोर लागलाय ते.

तेवढ्यात सिंगापूरहून व्हिडिओ कॉल आला. ताईने मोबाईल वालांच्या परातीकडे वळवला. तिकडून ओरडाच ऐकू आला... "आई, सगळे सोलू नकोस हां! माझ्यासाठी मूठभर ठेव!"

"ही सोलनार व्हय?" वनिताकाकू म्हणाल्या. "लहानपनी परात दिसली का पळायची!"

ताई आता मात्र खळखळून हसली. बाकीचे वाल सोलून फ्रीजमध्ये गेले, मूठभर तसेच फडक्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ता आली. बॅगा ओटीवर टाकल्या, हातपाय धुतले आणि थेट जमिनीवर बसून तिने फडकं उघडलं. मोडांच्या एव्हाना हातभर शेपट्या झाल्या होत्या... तरी एकेक वाल निगुतीने सोलला. मग ताईने फोडणी दिली.

बिरडं जरा कडवट झालं होतं का? असेल. पातेलं पुसून खाल्ल्यावर विचारायचं कोणाला!

येत्या बुधवारी मुक्ता परत निघेल. जायला किती वेळ लागतो, हे ताईने अजून विचारलेलं नाही...

मीही शोधलेलं नाही.