आईला हसता येत नव्हतं

वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, पहिल्या स्मृतिदिनाला मी निपाणीला गेले नाही. बंगळूरच्या ज्या संस्थेत मी काम करते, तिथल्या मोठ्या मायक्रोस्कोपवर मला नेमके तेच दोन दिवस मिळाले होते. ते सोडले असते तर पुन्हा नंबर कधी लागला असता, सांगता येत नव्हतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुझं काम हाय बाई, कर की." त्या दिवशी घरी बुद्धवंदना झाली, गल्लीतली माणसं जेवून गेली, आणि मी एका बंद खोलीत पडद्यावरचे करडे ठिपके बघत बसले होते.

त्यानंतर काही दिवसांनी आई हसायची थांबली.

रोज संध्याकाळी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा. आता ती मान मागं टाकून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघायची. मी काही गमतीचं सांगितलं तरी चेहरा हलायचा नाही. फार तर वरचा ओठ जरा उचलला जायचा, आणि ते हसण्यापेक्षा कुचेष्टेसारखं दिसायचं. "जेवलीस?" "व्हय." "काय केलतंस?" "भाकरी." मग लगेच, "ठेव आता, दमले."

एकदा मी सरळ विचारलं, "आई, रागावलीयास का माझ्यावर?"

"न्हाय गं," ती म्हणाली. पण आवाज नाकातून आला. मला वाटलं, रडतेय आणि लपवतेय. ती वडिलांच्या दिवसाचं मनात धरून बसलीय, याबद्दल मला शंका उरली नाही. तिचा तो चेहरा बघवेना, म्हणून मी कॉल कमी केले. रोजचा फोन दोन दिवसांवर गेला, मग आठवड्यावर. हे लिहितानाही लाज वाटते.

आई आयुष्यभर विड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला पान कधी गुंडाळलं हे कळू नये. मी शिकले ती त्या बोटांवर. ती शाळेत चौथीपर्यंत गेली होती. मी काय काम करते हे तिनं अनेकदा विचारलं होतं आणि मी दरवेळी "पेशींचं" एवढंच सांगून सुटका करून घेतली होती.

खरं तर सांगण्यासारखं होतं. आपल्या पेशींच्या अंगावर प्रथिनांचे रिसेप्टर असतात. बाहेरून आलेलं रसायन ओळखायचं आणि आत खबर पोचवायची, हे त्यांचं काम. ते इतके लहान की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत. आम्ही ते पाण्याच्या पातळ थरात क्षणार्धात गोठवतो, इलेक्ट्रॉनच्या झोतात त्यांच्या लाखो अंधूक छबी घेतो, आणि संगणक त्या एकमेकींवर बसवून एक स्वच्छ आकार काढतो. आकार दिसला की काम कसं चालतं ते कळू लागतं. माझा रिसेप्टर होता नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा. सहा वर्षं मी तोच बघत होते.

दिवाळीनंतर घरी गेले. पहाटेची एसटी निपाणीच्या स्टँडवर थांबली तर आई स्वतः न्यायला आलेली. डोळे उघडे, बोलणं खणखणीत. मनात म्हटलं, चला, राग गेला. दुपारपर्यंत ती बडबडत होती. संध्याकाळी जेवायला बसलो आणि बघते तर भाकरी चावताना तिनं डाव्या हाताच्या तळव्यानं हनुवटी वर धरली होती.

"असं का धरतीयास?"

"जबडा दमतोय. मग असा धरला की चावाय येतं." हे तिनं इतक्या सहज सांगितलं, जसं काही सगळेच असं जेवतात.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. एकाचे दोन दिसतात म्हणून तिनं दोनदा चष्मा बदलला होता. पाणी पिताना ते नाकात यायचं. शेजारच्या बाया म्हणाल्या, नवरा गेल्याचं दुःख आहे, अशक्तपणा आहे, शेंगदाणे खा. ती शेंगदाणे खात होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला बेळगावला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं. ते तिच्याशी मराठीत आणि सहायकाशी कन्नडात बोलत होते. त्यांनी तिला छताकडं बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात तिची डावी पापणी हळूहळू उतरत बुबुळावर आली. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे घालून आणायला लावले आणि ती पुरचुंडी मिटल्या पापणीवर दोन मिनिटं धरली.

"उघडा आता डोळा."

पापणी वर गेली. पूर्ण.

तेव्हा कुठं मला कळलं. गारव्यानं नसेकडून येणारं रसायन जरा जास्त टिकतं आणि थकलेल्या रिसेप्टरांना आणखी थोडी संधी मिळते, हे मी वाचलं होतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर या आजाराचं नाव होतं. तो झालेलं माणूस मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं, रोज संध्याकाळी, आणि रुसलंय असं समजले होते?

रक्त तपासायला दिलं, आईनं पहिली गोळी घेतली आणि आम्ही बेळगावातच खासबागला मावशीकडं उतरलो. मावशीनं चहा टाकला. आई स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली आणि म्हणाली, "आता नीट सांग. माझं काय बिघडलंय?"

या वेळी मी सुटका करून घेतली नाही. मी सांगितलं, स्नायू हलवायचा असला की नस एक रसायन सोडते. स्नायूवरचा रिसेप्टर ते ओळखतो. पाच भाग गोलात उभे असतात, मधे बंद वाट असते. रसायन दोन जागी येऊन बसलं की पाचही भाग जरासे पिळतात, वाट उघडते आणि स्नायू आवळतो. "रोगाशी लढायला तुझ्या अंगात जे तयार होतं ना, ते चुकून या रिसेप्टरलाच वैरी समजाय लागलंय. त्याच्यावर चढून बसतंय. कामाचे रिसेप्टर कमी पडाय लागलेत. सकाळी भागतं, संध्याकाळी न्हाय."

"तंबाखूनं झालं न्हवं?" तिनं हळूच विचारलं. "तू मांडीजवळ निजलेली असायचीस आन् मी वळत बसायची."

"विड्या वळल्यानं हे होतं असं मी कुठं वाचलं न्हाय, आई."

"मग तुला व्हायचं न्हाय न्हवं?"

एवढ्या वेळात तिला भीती वाटत होती ती याची. "सहसा न्हाय," मी म्हटलं. आणि मी पुढं काहीबाही बोलत सुटले. हा रिसेप्टर पहिल्यांदा हाती लागला तो विजेचा झटका देणाऱ्या समुद्री माशात, कारण त्याच्या अंगात तो खच्चून भरलेला असतो, वगैरे.

मावशी गाळणी हातात धरून वळली. "म्हंजे आक्काच्या डोळ्यात मासा हाय म्हन की!"

आणि आई हसली. दोन्ही गाल वर गेले, डोळे बारीक झाले, पुढचा तुटका दात दिसला. गोळी लागू पडली होती.

"आक्का, हसतीयास गं!" मावशी म्हणाली. मी मात्र रडायला लागले. रडत रडतच मी आईला सांगितलं, की तू दादांच्या दिवसावरून रागावलीस असं मी इतके महिने धरून चालले होते.

"रागावले आसते तर तोंडानं बोलले आसते की," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं, तूच दमलीस माझ्यासंगं बोलून. फोन येईना झाला."

मावशीनं दोघींपुढं चहा ठेवला आणि ती बाहेर गेली.

रक्ताच्या तपासणीत डॉक्टरांचं निदान खरं ठरलं. गोळ्या वाढल्या, स्टेरॉइड सुरू झालं, तिचा चेहरा सुजला, वजन वाढलं, मग हळूहळू सावरली. काही संध्याकाळी पापणी अजून उतरते. मी पुन्हा रोज फोन करते, पण सकाळी.

पुढं डॉक्टरांनी विचारलं, संशोधनासाठी रक्त द्याल का? आई आधीच तयार होती. संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. "वाचल्याबिगर सही कशी करू?" म्हणाली, म्हणून मी तो ओळीओळीनं मराठीत लिहून काढला. तिनं बोट ठेवत सगळा वाचला आणि सही केली. रक्त आमच्याच संस्थेत आलं, पण ते काम माझ्याकडं नव्हतं, एका सहकाऱ्याकडं होतं. पहिल्या खेपेला नमुन्याच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला चित्र आलं. ते मी निपाणीला नेऊन तिच्या हातात दिलं. पाच भागांच्या रिसेप्टरच्या वरच्या कडेला, एका बाजूनं, तिच्या रक्तातलं, रिसेप्टरला वैरी समजणारं ते प्रतिपिंड घट्ट बसलेलं.

तिनं चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं. "हितनं काढता येईल ते?"

"अजून न्हाय. कुठं बसतंय तेवढं कळलंय."

"कळाय तर पायजेच आधी," ती म्हणाली, आणि दुपारच्या गोळीची वेळ झाली म्हणून पाणी आणायला उठली.