टोपलीतली शेपटी

मणक्यातली गादी सरकल्यामुळे मी पडून आहे. डॉक्टर कालच म्हणाले, आता उठून चाला. पण धीर होत नव्हता. आज स्वयंपाकघरातून सुके झिंगे भाजल्याचा वास आला आणि मी थेट सावली गावातल्या आमच्या जुन्या घरात पोचलो, शेरूच्या टोपलीपाशी.

शेरू आमचा डाशहुंड. लांबलचक अंग, टीचभर पाय आणि उड्यांची भारी हौस. नव्वदीच्या दशकात अख्ख्या गावात तसं कुत्रं दुसरं नव्हतं. एकदा ओट्यावरून उडी मारली आणि मागचे पाय लुळे पडले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "या जातीले हे दुखणं असतेच. कंबर लांब, गादी सरकते. फिरू देऊ नका. शेपटी हलली, तर पायही हलतील."

आईने त्याला बांबूच्या रुंद टोपलीत ठेवलं. येता-जाता आम्ही शेपटीकडे बघायचो. ती सुंभासारखी पडलेली.

एका सकाळी मासोळीवाली जनाबाई आली. शेरू रोज तिच्यामागे वेशीपर्यंत धावायचा.

"शेरू काऊन नाई दिसून राह्यला?" तिने विचारलं. पाटीतल्या सुक्या झिंग्यांचा वास ओसरीभर पसरला, आणि टोपलीतून आवाज आला. टप. टप टप.

"जनाबाई, हलली व, हलली!" आई रडत-हसत म्हणाली.

पुढे शेरू चालला. जरा वाकडा, पण वेशीपर्यंत. तेव्हा मला त्याच्या हावरेपणाचं हसू आलं होतं. आज नाही आलं. मी पाय खाली सोडले आणि बायकोला हाक मारली, "झिंगे इथी आणू नको. मीच येऊन राह्यलो."