मुंडावळ्या टेस्ट प्रोसिजरमध्ये नाहीत

“रेखा मॅडम, ते तिकीट बंद करा. युजर एरर टाका आणि मोकळ्या व्हा.”

पुण्याहून आपटे साहेबांचा पुन्हा फोन. आपटे म्हणजे आमच्या कॅमेरा कंपनीचे रिजनल सर्व्हिस मॅनेजर. मी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन. त्यांनी सांगायचं आणि मी करायचं, अशी रीत.

“नाही टाकणार,” मी म्हटलं. “युजरची एरर नाहीये.”

तिकीट म्हणजे तक्रारीची कॉम्प्युटरवरची नोंद. गिऱ्हाईक कॅमेरा देऊन गेलं की ते उघडायचं, आणि काम झालं की कारण निवडून बंद करायचं. कारणांची यादी कंपनीनंच बनवलेली आहे. पाणी गेलं, पडला, धूळ बसली, पार्ट झिजला, युजर एरर. ‘कंपनीची चूक’ असं कारण त्या यादीत नाही. नोकरीला लागल्यापासून मी शोधतेय. तिकीट फार दिवस उघडं राहिलं की पुण्यातल्या स्क्रीनवर लाल होतं. माझं लाल झालं होतं आणि आपटे साहेबांच्या डोळ्यांत खुपत होतं.

ते तिकीट कैलासचं होतं. कैलास दौलताबादचा. किल्ल्याच्या पायथ्याशी पर्यटकांचे फोटो काढत शिकला आणि आता लग्नाची कामं घेतो. आडवळणाचं बोलणं नाही, कामात चोख. तो कॅमेरा आणि पेनड्राइव्ह घेऊन आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

“ताई, चितेगावच्या लग्नाचे फोटू बघा. नवरीचे सगळे क्लोजअप गेले. डोळे सॉफ्ट आलेत.”

सॉफ्ट म्हणजे धूसर. चेहऱ्याच्या फोटोत डोळे धूसर असले की बाकी काहीही चांगलं असून उपयोग नाही. मी बघितले. खरंच गेले होते.

“हात हलला असेल,” मी म्हटलं. हे आम्ही सगळ्यांना आधी म्हणतो.

“हात नाय हलला ताई. त्याच्या आदल्या बुधवारी मामेबहिणीचं लग्न केलं, विहारात. ह्योच कॅमेरा, हीच लेन्स, ह्योच हात. एक फोटू वाया नाय गेला.”

आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं होतं. विहारातल्या लग्नाचे फोटो त्यानं हौसेनं स्टेटसला टाकले होते. चितेगावच्या मंडळींनी ते पाहिले आणि मग स्वतःचे पाहिले. नवरीचे वडील, नवपुते अण्णा, सगळ्या भावकीसमोर फोन लावून म्हणाले होते, “स्वतःच्या माणसांचं मन लावून काढलंस, आमचं उरकलंस.”

या वाक्याचा अर्थ आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कैलास बौद्ध घरातला, ते लग्न मराठ्यांचं. एवढी वर्षं दोन्हीकडची कामं तो करत आलेला. नवपुत्यांच्या भावकीत आणखी दोन लग्नं ठरलेली होती. पण कामापेक्षा ते वाक्य त्याला लागलं होतं. “काम गेलं तर दुसरं मिळंल ताई,” तो म्हणाला, “पण हे नाव चिकटलं तर कुठं धुऊ?”

आता सांगा, यावर मी ‘युजर एरर’ टाकून सही कशी करणार?

दोन लग्नांच्या मधे एकच गोष्ट घडली असावी असं आधी मला वाटलं, ती म्हणजे अपडेट. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातला प्रोग्रॅम. लेन्स कुठं रोखायची, उजेड किती घ्यायचा, हे तो ठरवतो. कंपनी त्यात मधूनमधून सुधारणा करते, ती इंटरनेटवरून उतरवून कॅमेऱ्यात घालायची, मोबाईलसारखीच. त्या सुमारास कंपनीचं नवं मॉडेल बाजारात आलं होतं. माणसाचा डोळा आपोआप शोधून त्यावर फोकस करणारी त्यातली नवी यंत्रणा, अपडेटमधून जुन्या मॉडेललाही फुकट मिळणार होती. फोटोग्राफरांच्या ग्रुपवर आनंदीआनंद. कैलासनंही ती घातली. पण ती त्यानं विहारातल्या लग्नाच्याही आधी घातली होती. म्हणजे एकच अपडेट एका लग्नात गुणी आणि दुसऱ्या लग्नात वेडं. हे काही मला पटेना.

मी कंपनीची ठरलेली टेस्ट केली. भिंतीवर काळ्यापांढऱ्या रेघांचा चार्ट लावायचा, ट्रायपॉडवर कॅमेरा, फोटो. एकदम पास. माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर केली. पास. रिपोर्ट पुण्याला गेला आणि आपटे साहेबांचे फोन सुरू झाले. कॅमेरा पास म्हणजे माणूस नापास, इतका सोपा हिशेब.

मला राग आला की मी फोटो बघत बसते. भांडण्यापेक्षा ते बरं. दोन्ही लग्नांचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि मोठे करत गेले. चितेगावच्या नवरीचे डोळे धूसर, पण सगळाच फोटो धूसर नव्हता. कपाळावरून गालाशी लोंबणारे मोती लख्ख होते. इतके लख्ख की मण्याच्या भोकातला दोरा दिसत होता. दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. प्रत्येक फोटोत डोळे गेलेले आणि मोती चकचकीत.

“कैलास, विहारातल्या नवरीला मुंडावळ्या होत्या का रे?”

“आमच्यात नाय बांधत, ताई.” आणि मग तोही स्क्रीनवरच्या मोत्यांकडं वाकला.

मुंडावळ्या डोळ्यांच्या जेमतेम दोन बोटं पुढं असतात. लेन्स मोठी उघडलेली असली की तेवढ्यानंही डोळे जातात. मागच्या छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही, घरी कॉम्प्युटरवर कळतं. म्हणजे लग्न लागून गेल्यावर.

गुलमंडीवर जाऊन मी मोत्यांच्या मुंडावळ्या आणल्या. शोकेसमध्ये त्याच मॉडेलचा डेमो पीस होता, त्याला कुणी अपडेट केलं नव्हतं. दोन ट्रायपॉड, दोन कॅमेरे, सारख्या लेन्स. राहिली नवरी. सेंटरचे मालक मुळे सर समोरच वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“सर, जरा इकडं बसता?”

“कशाला गं?”

“मुंडावळ्या बांधायच्यात.”

मुळे सरांना टक्कल आहे, मिशा आहेत आणि स्वभाव सोशीक आहे. ते बसले. मी बांधल्या आणि टेबल फॅन लावला. मोती हलायला लागले. जुन्या फर्मवेअरच्या कॅमेऱ्यानं सरांचा डोळा धरला तो सोडलाच नाही. नव्या फर्मवेअरच्या कॅमेऱ्यानं डोळा धरला, मोती हलला, की स्क्रीनवरचा फोकसचा चौकोन टुणकन मोत्यावर. परत डोळा, परत मोती. फॅन बंद केला, की मुकाट डोळ्यावर. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बॅटरी विचारायला आत आलं, सरांकडं बघितलं आणि बॅटरी न घेताच गेलं.

डोळ्यासारखं गोल, पांढरं, चमकणारं आणि शिवाय हलणारं काही दिसलं की नवा प्रोग्रॅम फसत असावा, असा माझा अंदाज. अंदाजच. प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही. पण माझ्यासमोर काय घडतंय ते मला दिसत होतं. त्याचा व्हिडिओ करून मी पुण्याला पाठवला.

“मॅडम, हे काय आहे?” आपटे साहेब वैतागले. “ही स्टँडर्ड टेस्ट नाही. मुंडावळ्या आपल्या टेस्ट प्रोसिजरमध्ये नाहीत.”

“इथल्या नवरीच्या कपाळावर आहेत, सर.”

“एका फोटोग्राफरसाठी एवढं? अजून कुणाची तक्रार नाही.”

“कशी असेल? सगळ्यांना तुम्ही हात हलला म्हणून सांगताय.”

मग त्यांचा आवाज बदलला. नव्या मॉडेलचा कार्यक्रम लवकरच आपल्या शहरात होतोय, सेंटरचं ऑथरायझेशन रिन्यू व्हायचंय, अशा वेळी असं काही लेखी बाहेर जायला नको, वगैरे. धमकी देताना माणसं फार गोड बोलतात. ऑथरायझेशन गेलं तर मुळे सरांची पाटी उतरणार होती. माझी नोकरी तर त्या पाटीखालीच.

घाबरले का? घाबरले. घरी हप्ते मलाही आहेत. पण घाबरण्यापेक्षा संताप जास्त होता. स्वतःचा प्रोग्रॅम मोत्याला डोळा समजतो आणि खापर दौलताबादच्या पोराच्या हातावर फोडायचं, हे मला सहन होणारं नव्हतं.

मी कैलासला सांगितलं, नवपुते अण्णांना घेऊन ये.

अण्णा आले. चितेगावच्या एका कारखान्यात ते क्वालिटीला आहेत, म्हणजे माल तपासून पास-नापास करणारे. बसायच्या आधीच सुरू झाले.

“मॅडम, आमच्याकडं माल रिजेक्ट झाला तर कारण लिहून द्यावं लागतं. ह्याला विचारलं तर म्हणतो अपडेट. मी बी मोबाईल अपडेट करतो, मला काय अंधुक दिसायला लागलं व्हय?”

मुळे सर आपणहून खुर्चीत जाऊन बसले. मी मुंडावळ्या बांधल्या, फॅन लावला. अण्णा नव्या फर्मवेअरच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनशी वाकले.

“परत करा.”

केलं.

“आता पंखा बंद करून करा.”

केलं.

“आता ह्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर. आणि बटण मी दाबणार.”

त्यांनी स्वतः दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. मग कॅमेऱ्यांच्या जागा बदलायला लावल्या. मला माणूस आवडायला लागला. शेवटी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“म्हंजी मशीनच गंडलंय.” मग माझ्याकडं वळले. “पण माझ्या लेकीचे फोटू?”

धूसर डोळे कुठल्याही सॉफ्टवेअरनं खरे परत येत नाहीत. तसं मी सांगितलं. मला वाईट वाटलं आणि तेही सांगितलं. कैलास खाली बघत होता.

“अण्णा, लग्नाच्या तोंडावर नवं काही घालायला नको होतं. तेवढं माझं चुकलं. पण उरकलं नाय मी. तुमच्या दारात मी असं कधी केलं नसतं.”

अण्णा आता कुठं खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, “हे लिहून द्या. भावकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. बोललो बी सगळ्यांसमोरच होतो मी.”

कंपनीचा नियम असा, की परवानगीशिवाय सेंटरच्या लेटरहेडवर मत द्यायचं नाही. मी साधा कागद घेतला. काय तपासलं, कसं तपासलं, काय दिसलं आणि दोष फोटोग्राफरचा नाही, असं लिहून खाली स्वतःच्या नावानं सही केली. मुळे सर मुंडावळ्या सोडत टेबलाशी आले. ड्रॉवरमधून सेंटरचा शिक्का काढला आणि माझ्या सहीशेजारी दाबला.

“सर, पाटी जाईल,” मी म्हटलं.

“तासाभराची नवरी झालोय, आता कुणाला भ्यायचं?”

त्या कागदाची एक प्रत मी स्वतःच आपटे साहेबांना मेल केली. मागाहून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. कैलासला मी डोळे शोधणारी यंत्रणा बंद करून दिली. जुन्या पद्धतीनं एक टिंब डोळ्यावर ठेवायचं आणि फोटो घ्यायचा. फोटोग्राफरांच्या ग्रुपवर तो व्हिडिओही टाकला. मग काय, जालना, बीड, पैठणहून फोन सुरू झाले. ‘ताई, आमचेबी मोतीच आलेत.’ ज्यांना ज्यांना हात हलला म्हणून परत पाठवलं होतं, ते सगळे पुन्हा तिकीट उघडायला आले. पुण्यातली स्क्रीन लालेलाल झाली.

पुढच्या लग्नाच्या हंगामाआधी कंपनीनं नवं अपडेट काढलं. त्यासोबत काय बदललं त्याची टीप असते. तीत एवढंच होतं: ‘विशिष्ट परिस्थितीत ऑटोफोकसची स्थिरता सुधारली आहे.’ मुंडावळ्यांचा उल्लेख नाही, माफी नाही. आपटे साहेबांचा फोन आला, आता तरी तिकीट बंद करा. मी आधी मुळे सरांना खुर्चीत बसवलं, फॅन लावला, आणि चौकोन डोळ्यावरून हलत नाही हे पाहूनच तिकीट बंद केलं. पाटी अजून जागेवर आहे. रिन्यूअलच्या कागदात मात्र एक नवं कलम आलं, की कंपनीनं न ठरवलेल्या टेस्ट सेंटरनं करू नयेत. मुळे सरांनी वाचलं, सही केली आणि मुंडावळ्यांचा आणखी एक जोड आणून ठेव म्हणाले.

नवपुत्यांच्या भावकीतली दोन्ही लग्नं कैलासनंच केली. पहिल्या लग्नात अण्णा म्हणे स्टेजवर त्याच्या खांद्याशी उभे होते. पहिला फोटो काढल्यावर मोठा करून बघितला आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ‘ओके’ म्हणाले.

धडा विचाराल तर एवढाच. लग्नाच्या आठवड्यात कॅमेऱ्यात नवं काही घालू नका. कंपनी अपडेटमध्ये काय सुधारलं ते लिहिते, काय बिघडलं ते आपल्याला शोधावं लागतं. सापडलं की स्वच्छ लिहावं, खाली आपली सही करावी. मग पुण्याहून फोन येतात. येऊ द्यावेत.