मुंग्यांमागचे पक्षी आणि माझे खोटे

मी घरात कधी आवाज चढवला नाही, याचा मला अभिमान होता. आज त्याच अभिमानाची चीड येते.

मुलगी इथे आखातातच, अल ऐनला जीवशास्त्र शिकली. गेल्या वर्षी तिला इक्वेडोरच्या जंगलात चार महिने पक्ष्यांच्या नोंदी करण्याची संधी मिळाली. महाराष्ट्राहून लहान देश, पण साऱ्या भारतात नाहीत इतक्या जातींचे पक्षी तिथे आहेत, असे ती जेवताना सांगत असे. लष्करी मुंग्यांची फौज निघाली की जिवाच्या भीतीने पळणारे किडे टिपायला पक्षी त्या फौजेबरोबर सरकत राहतात. एका फौजेभोवती किती जाती जमतात, हे तिला मोजायचे होते.

खलिफा सिटीतल्या आमच्या घरी जेवायला आलेले एक स्नेही म्हणाले, "अगं, आमच्या बाल्कनीतली कबुतरं मोज. वर बिर्याणी फुकट!" सगळे हसले. मीही हसलो. ती ताट घेऊन उठली.

इक्वेडोरच्या व्हिसासाठी तिने पासपोर्ट मागितला. घरातले सगळे पासपोर्ट माझ्या कपाटात, कुलपात असत. "ऑफिसात दिलाय गं, रेसिडेन्सीच्या कामाला. येईल, इन्शाल्ला," मी शांतपणे म्हणालो. पाच आठवडे हेच म्हणत राहिलो. तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली. पुढे एका दुपारी विम्याच्या कागदांसाठी मीच तिला कपाटाची किल्ली दिली, इतके ते खोटे माझ्या अंगवळणी पडले होते.

पासपोर्ट हातात घेऊन ती समोर उभी राहिली. "तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात, तर मी भांडले असते, बाबा. यू डिडन्ट इव्हन गिव्ह मी दॅट."

"काळजीपोटी गं..."

"खलास, पुरे! तिकडे मी बेजबाबदार ठरलेय. पुन्हा अर्ज करतेय, पण ते मला का घेतील? तुम्ही लिहा त्यांना."

तीस वर्षे मी कंपनीची पत्रे लिहीत आलो आहे. पहिल्या मसुद्यात 'काही कौटुंबिक अडचणींमुळे' लिहिले. तिने खोडले. दुसऱ्यात 'गैरसमजातून'. तेही खोडले. माझ्या कानशिलांत रक्त उसळले. परक्या माणसांपुढे बापाची अब्रू काढते ही! मग ते खोडलेले शब्द पुन्हा वाचले आणि तो सगळा संताप माझ्यावरच उलटला. तिची एवढी संधी गिळून मी अजून नीटनेटके शब्द शोधत होतो.

तिसऱ्या मसुद्यात लिहिले: पासपोर्ट माझ्या कपाटात होता. मी मुलीशी खोटे बोललो.

तिने दोनदा वाचले. चेहरा सैलावला नाही.

"आता पाठवा," ती म्हणाली.