नवनाथनं हात वर केला होता

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. गेल्या आठवड्यात तीनदा तोंड उघडलं, तेवढंच. पण तेव्हा ऐकणारे थोडे होते आणि माझं जुनं वाक्य ऐकलेले फार आहेत. म्हणून आता लिहून टाकतोय.

माझा आवाज तुम्ही कदाचित ऐकला असेल. बारामती-इंदापूर भागात फुटबॉलची स्पर्धा असली की माइकवर बहुतेक मीच असतो. पोटासाठी मी ठिबकचे पाइप विकतो, पण लोक ओळखतात ते माइकमुळं. आणि ही ओळख झाली एका व्हिडिओमुळं. गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून साधा सरपटता चेंडू जातो, आणि मागून माझा आवाज येतो — "आणा गं बायांनो दळण, गोलात उभी चाळण!" तुम्ही हसलाही असाल. हसणारच की. तुम्हाला काय माहीत होतं?

मला माहीत होतं.

तो गोलकीपर म्हणजे नवनाथ. आम्ही दोघंही कन्हेरीचे, एका वर्गातले. मला पहिल्यांदा माइक मिळाला तोसुद्धा त्याच्यामुळं. संघातली पोरं बाहेरचा निवेदक आणायचं म्हणत होती, तर हा अडून बसला — आमचा सुन्याच बोलंल. आणि गोलकीपर म्हणून तो काय होता! पुण्याच्या एका क्लबनं त्याला सरावाला बोलावलं होतं. पुढं व्यावसायिक लीगपर्यंत जाईल, असं आम्ही सगळे उघड बोलायचो. जळत होतो का मी त्याच्यावर? नाही. तसं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

त्या दिवशी इंदापूरला अंतिम सामना होता. माझा मांडव नवनाथच्या गोलाच्या अगदी बाजूला. दुपारपासून वारं सुटलेलं. मैदानावर नुकतीच फक्की मारलेली — रेघा आखायची ती पांढरी पूड. एकदम वावटळ उठली आणि गोलासमोरची सगळी फक्की नवनाथच्या तोंडावर आली. मी बघितलं. त्यानं एका हातानं डोळे चोळले आणि दुसरा हात वर केला — माझ्याकडं. पंच लांब होते, मधे खेळाडूंची गर्दी. माइक माझ्या हातात होता. "पंच, खेळ थांबवा" — एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

पण तेवढ्यात कुणीतरी लांबून चेंडू मारला, तो सरपटत आला आणि गेला आत. आणि माझ्या जिभेवर ते दळण-चाळण आलं. आयतं आलं. मी ते गिळू शकलो असतो. पण समोर हजार माणूस बसलं होतं, आणि ते हसणार हे मला बोलायच्या आधीच कळलं होतं.

इथंच थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, एक वेळ काही नाही. पुढचं ऐका.

सामना संपल्यावर नवनाथ पंचांना घेऊन मांडवात आला. डोळे लालभडक, पाणी वाहतंय. "मी हात केलता," म्हणाला. "ह्याला इचारा. ह्यानं बघितलंय." पंचांनी माझ्याकडं बघितलं. माइक चालूच होता. मी म्हणालो, "मला तर काय दिसलं न्हाय."

मैदान पुन्हा हसलं. नवनाथ माझ्याकडं बघत राहिला. मग हातमोजे काढून निघून गेला.

पुण्याला तो गेला, पण तिथं एकच दिवस टिकला. पोरांनी फाटकातच "चाळण आली" म्हणून टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ त्याच्या आधी पोचला होता — चेंडू येतानाचाच तुकडा, वर केलेला हात त्यात नाहीच. परत आला तो पुन्हा मैदानावर दिसला नाही. आता माळेगावला त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. मध्यंतरी एका लग्नात त्याची मुलगी दिसली. वाढपी पोरं तिला "चाळणीची वैशाली" म्हणून हाक मारत होती. मी पानावर खाली मान घालून जेवत राहिलो. आणि त्या सगळ्या वर्षांत मला स्पर्धांची आमंत्रणं येत गेली. लोक तेच वाक्य म्हणायला लावायचे. मी म्हणायचो. हौसेनं म्हणायचो.

मग गेल्या आठवड्यात मुंबईहून फोन आला. देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा नवा हंगाम येतोय आणि यंदा मराठीत समालोचन होणार आहे. त्यांना मी हवा होतो. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो फोन. शेवटी तो माणूस म्हणाला, "आणि तुमचं ते चाळणवालं — तेच जाहिरातीत घेतोय. नव्या हंगामाची सुरुवातच त्यानं!"

मी "हो" म्हणालो. फोन ठेवला. पाणी प्यायलो. परत फोन लावला आणि सांगितलं, तो व्हिडिओ वापरायचा नाही, त्यात मी खोटं बोललोय. पलीकडून तो हसला. मी परत सांगितलं. मग म्हणाला, बघतो, कळवतो.

तसाच माळेगावला गेलो. नवनाथ ट्रॅक्टरखाली होता. "या सुनीलराव," म्हणाला. सुन्या म्हणायचं त्यानं तेव्हाच सोडलेलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं — तू हात वर केला होतास, मी बघितलं होतं, मी खोटं बोललो.

मला वाटलं होतं तो पाना फेकून मारेल. त्याऐवजी तो हळूहळू बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. "म्हंजी केलता व्हय मी हात?" म्हणाला. "सगळी न्हाय म्हनली... मलाच वाटाया लागलं, आपुन मनानंच रचलं."

कळतंय का तुम्हाला? मी त्याचा खेळच नाही घालवला. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वाससुद्धा घालवला.

मग त्यानं घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, हिकडं ये. आयकून जा ह्यो काय म्हनतोय." तिच्यासमोर मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. ती शेवटपर्यंत ऐकून आत गेली. नवनाथ उठला, हात पुसले. "माइकवर म्हनला हुतास," तो म्हणाला. "माइकवरच म्हन."

रविवारी बारामतीत सामना होता. सुरू व्हायच्या आधी मी म्हटलं. नाव घेऊन, सगळं. पहिल्यांदा लोक हसले, मी गंमत करतोय असं वाटून. मी थांबलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मग कुणी हसलं नाही. आयोजकांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

मुंबईहून अजून काही कळलेलं नाही. ते काम मला हवं होतं, अजूनही हवं आहे — हे लपवत नाही. मिळालं तर करीन. पण माणसाचं हसं करणारं एकही वाक्य बोलणार नाही, मग भले त्यांना फिकं वाटो. हंगाम सुरू होईल तेव्हा तिथं दुसरा कुणी बसलेला असेल, तर असो.

नवनाथ रविवारी आला होता की नाही, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. त्याच्या दारात माफी मागायलाही जाणार नाही. माफ करायचं काम आता त्याच्यावर टाकायचं नाही.