दुसरा पापड

आज पापड भाजताना कड जळली आणि त्या वासासरशी मी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकीत जाऊन बसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीचं, कमलाचं घर. तिच्या आईने त्यांच्या रीतीप्रमाणे पाहुणचार म्हणून मला भाजलेला पापड आणि पेलाभर पाणी दिलं. आमच्याकडे पापड जेवणाच्या पानात वाढतात, म्हणून मी वाट बघत राहिले. शेवटी विचारलंच, "चाची, खाना?"

तिने पिठाचा डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण हलकेच लावलं. मग त्यांच्याकडचा उरलेला एकुलता पापड भाजून माझ्यापुढे ठेवला. "खाओ, बेटी."

मिऱ्यांचा, खमंग पापड. जेवण नाहीच म्हणून तो मी तोंड वाकडं करून संपवला.

अजूनही पापड भाजायला घेतला, की आधी ते झाकण लागल्याचा आवाज येतो.